शनिवारचं विमान

लंडनहून अकोल्याला विमानानं यायला किती दिवस लागतात, हा हिशेब आमच्या घरात मी केला. दुसरं कोण करणार? बाबा ज्योतिषी. त्यांना ग्रहांची गती तोंडपाठ, पण मुंबईच्या पलीकडचं गाव विचारा, गप्प. आई अंथरुणाला खिळलेली. आणि मी अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, तेवढ्यावर स्वतःला फार शहाणी समजणारी. आईचं काही खरं नाही, असं बाबांचं कार्ड आलं त्या दिवशी रजा टाकायच्या आधी मी शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा धरला. एक टोक लंडनवर. अकोला त्या गोलावर नव्हतंच, म्हणून मुंबईच्या जरा उजवीकडे अंदाजानं अंगठा दाबला. दोरा पट्टीवर मोजला तेव्हा साडेचार हजार मैलांच्या आसपास भरला. चार वर्षं लंडनला असलेला दादा माझ्या मनात चंद्रावर असल्यासारखा होता, तो एकदम वीतभर दोऱ्यावर आला, आणि मला वेड्यासारखा आनंद झाला.

मग मी अकोल्याला निघाले. साठेक मैलांचा प्रवास, पण बडनेऱ्याला गाडी चुकली आणि पुढची मूर्तिजापूरला अशी काही रुतून बसली की मी गार्डाशी भांडले. घरी पोचायला संध्याकाळ झाली.

आईच्या पोटात पाणी झालं होतं. पाय एवढे सुजलेले की बोट दाबलं तर खळगा तसाच राही. बुधवारी मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर घरी येऊन गेले. ओसरीत बाबांना म्हणाले, ‘‘पंधरा दिवस. कदाचित त्याहून कमी. कोणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा.’’ बाबांनी मान हलवली आणि डॉक्टरांना पायरीपर्यंत पोचवून आले. आत आले तर आई म्हणाली, ‘‘मले माहीत आहे ते काय म्हणाले. दादाले बोलवा. मले त्याले पाहायचं आहे, बस. बाकी काही नको.’’

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डॉक्टरीच्या पुढच्या परीक्षेसाठी विलायतेला गेला होता. बोटीनं यायचं तर तीन आठवडे, म्हणजे तो विचारच नको. मी पोस्टात गेले. हवाई टपालाचं वेळापत्रक तिथल्या भिंतीवर लावलेलं होतं. लंडनहून विमान आठवड्यातून दोनदा निघे, शनिवारी आणि बुधवारी. मधे ठिकठिकाणी उतरत, रात्री मुक्काम करत, सातव्या दिवशी कराचीला पोचे. कराचीहून मुंबई दोन दिवस, मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी अकोला. दहा दिवस! शनिवारच्या विमानात बसला तर पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी सकाळी घरात. डॉक्टरांच्या पंधरा दिवसांतले दोन शिल्लक राहत होते. मी तिथल्या तिथं तार केली आणि गुरुवारी त्याचं उत्तर आलं की शनिवारची जागा मिळाली. तिकिटासाठी त्यानं आपला सूक्ष्मदर्शक आणि ओव्हरकोट विकला होता, ते मागाहून कळलं.

मी तार आईला वाचून दाखवली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं भात मागितला.

बाबा मात्र पंचांग घेऊन बसले होते. मला हाक मारली. ‘‘बाई, तू भूगोल शिकवते ना? विलायतेहून आपलं गाव कोणत्या दिशेले?’’

मी ऐटीत म्हणाले, ‘‘पूर्वेला.’’ माझं थोबाड फोडायला हवं होतं कोणी.

शनिवारी पूर्वेला दिशाशूल. म्हणजे त्या वारी त्या दिशेला निघायचं नाही. निघालं तर प्रवासात घात होतो. आमच्या ओसरीवर रोज चार माणसं हेच विचारायला येत. लेकीला सासरी कधी धाडू, नागपूरच्या कोर्टात तारीख आहे तर कधी निघू. आणि असं नाही की बाबा अडून बसत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला तोड असे. दादा विलायतेला जायला निघाला तो शुक्रवार होता आणि दिशा पश्चिम, तीही वर्ज्यच. तेव्हा बाबांनी दोन दिवस आधी चांगल्या वेळेला दादाचं धोतर, सुपारी आणि मूठभर तांदूळ यांचं गाठोडं बांधून पश्चिमेकडच्या शेजारी शिंप्याच्या घरी ठेवलं होतं. याला प्रस्थान म्हणतात. गाठोडं निघालं की माणूस निघाला असं धरायचं. दादा हसत होता, पण त्यानं ते मुकाट्यानं नेऊन ठेवलं.

मी तेच म्हणाले, ‘‘मग प्रस्थान ठेवायला सांगू त्याला. नाहीतर दुसरी काही तोड काढा ना बाबा. तुमच्याकडे काय कमी आहेत?’’

बाबांनी पोथीवरून वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, ‘‘सकाळपासून पाहून राहिलो. गाडीवाटेले तोड आहे. पाण्यावाटेले आहे. आकाशवाटेले कोणीच काही लिहिलं नाही. माणूस त्या वाटेनं जाईल असं त्यायच्या डोक्यातच नव्हतं. मग मी कशाच्या आधारावर हो म्हणू?’’

‘‘लिहिलं नाही म्हणजे बंदीही नाही!’’

‘‘खाली जमीन नाही बाई त्याच्या. बैलगाडी मोडली तर माणूस रस्त्यावर पडते. हा कुठं पडंल?’’

मी खूप भांडले. विमान आधी पॅरिसला जातं, ती दक्षिण दिशा, दक्षिणेला शनिवार चालतो, हेही सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, ‘‘शेवटी पोचायचं पूर्वेलेच ना?’’ मी म्हणाले, बुधवारी निघाला तर तो शनिवारी पोचेल, तोवर डॉक्टरांचे पंधरा दिवस उलटून दोन दिवस जातील, तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते ते? त्यावर त्यांनी पोथी मिटली. मग म्हणाले, ‘‘ती तर चाललीच आहे. त्याले कशाले सोबत धाडू?’’

त्यांच्यावर रागावणं मला पुढे कधी नीट जमलं नाही ते या एका वाक्यामुळे.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला कागद लिहून दिला. स्वच्छ अक्षरात होतं, ‘शनिवारी पूर्वेस दिशाशूल आहे. निघू नये. बुधवारी निघणे.’ याची इंग्रजी तार करून ये, म्हणाले. इंग्रजी घरात मलाच येत होतं.

तारघरात माझ्यापुढे एक हॅटवाला साहेबी गृहस्थ उभा होता. तारमास्तर मला ओळखत, मॅट्रिक झालेली बाई म्हणून मान देत. मी फॉर्म घेतला आणि दिशाशूल हा शब्द इंग्रजीत लिहायला गेले. दोन अक्षरं लिहिली आणि माझे कान तापले. मास्तर विचारणार, हे काय? मग मी त्या हॅटवाल्यासमोर सांगणार की माझे वडील लंडनच्या विमानाला वार पाहून निघायला सांगतायत? भूगोलाची मास्तरीण मी! मी तो फॉर्म चुरगाळला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘शनिवारी निघू नकोस. बुधवारी नीघ. बाबा.’ बस, एवढंच. मास्तर म्हणाले, ‘‘आईसाहेबांना बरं दिसतंय वाटतं?’’ मी मान हलवली. होही नाही आणि नाहीही नाही, अशी. मास्तरांना तारेवरून काय वाटलं ते माझ्या समोर घडलं होतं, आणि तरीसुद्धा माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. मी घरी आले, तार केली म्हणून सांगितलं. बाबांनी कागदातला मजकूर पूर्ण गेला का असं विचारलं नाही. कशाला विचारतील?

आईला हा बदल सांगायचा नाही असं बाबांनी ठरवलं. ‘‘चार दिवस तिले चार वर्षांसारखे जातील,’’ म्हणाले. ते मला पटलं. म्हणजे त्या वेळी पटलं.

झालं, आईच्या मते दादा शनिवारी निघाला. रोज दुपारी औषध झालं की ती विचारायची, ‘‘आज कुठं आला?’’ आणि मी सांगायची. आज रोम. आज अथेन्स. आज कैरो, तिथं नाईल नदी आहे. पोस्टातल्या तक्त्यावरची गावं मी क्रमानं पाठ केली होती. तिला सगळं हवं असे. ‘‘रात्री विमान कुठं ठेवतात वं?’’ खाली उतरवतात, हे सगळे हॉटेलात झोपतात. ‘‘हॉटेलात खाते काय तो?’’ अंडी सोडून सगळं खातो, म्हटलं. ती हसली. म्हणाली, ‘‘अंडी बी खात असन, तुले नाही सांगत.’’ बसरा आलं तेव्हा तिला फार बरं वाटलं, कारण बसऱ्याचे खजूर आमच्या बाजारात येत आणि ते गाव तिला ओळखीचं वाटलं. मी गाव सांगत होते आणि मनात म्हणत होते, कसलं बसरा, तो अजून लंडनच्या बाहेर जेमतेम पडलाय. शाळेत मुलींना चुकीची राजधानी सांगितली तर माझा जीव कासावीस व्हायचा. इथे रोज अख्खं विमान खोटं उडवत होते.

त्यातून आई तगून राहिली होती, हेही खरं. रोज एक गाव, रोज दोन घास. डॉक्टरसुद्धा म्हणाले, कमाल आहे.

त्या ठरलेल्या मंगळवारी काय करायचं, याचा विचार मी करत नव्हते. बाबाही नव्हते. दोघंही एकमेकांना टाळत होतो. मला वाटे, तोवर तिची शुद्ध जाईल. लिहितानाही लाज वाटते, पण मी ती आशा धरली होती.

शुद्ध गेली नाही. त्या मंगळवारी पहाटेच तिनं वेणी घालायला लावली. धुतलेलं हिरवं लुगडं अंगावर टाकायला लावलं. लोडाला टेकून बसली, चार महिन्यांत बसली नव्हती ती. मुंबईची गाडी आली तशी शिट्टी ऐकू आली. मग टांगे जायला लागले. प्रत्येक टांग्याला तिची मान दाराकडे. एक गेला, दुसरा गेला. मग वाट रिकामी झाली. ऊन ओसरीवर आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ‘‘काहून नाही आला?’’

बाबा दाराबाहेर उभे होते. त्यांची सावली मला दिसत होती, आत येत नव्हती. खरं सांगायचं तर बाबांचं नाव घ्यावं लागणार होतं, की तुझ्या नवऱ्यानं त्याला थांबवलं. ते माझ्याच्यानं होईना. मी म्हणाले, ‘‘विमान बिघडलं बगदादला. दुरुस्त करतायत. शनिवारी येईल.’’

‘‘काल तर मुंबई सांगितलं तू.’’

चार दिवसांपूर्वी बगदाद ओलांडून दिलं होतं मीच.

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग फार हळू म्हणाली, ‘‘पडलं का?’’

‘‘नाही आई! शपथ, नाही पडलं!’’

‘‘बरं,’’ म्हणाली. लोड काढायला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिनं दादाचं नाव घेतलं नाही. कुठं आला, कधी येणार, एक अक्षर नाही. बाबा आत आले, तिच्या उशाशी बसले, म्हणाले, ‘‘अवो, तो खुशाल आहे. मीच त्याले बुधवारी नीघ म्हटलं होतं.’’ तिनं डोळे उघडले नाहीत. ‘‘माह्यासाठी खोटं बोलू नका तुमी,’’ एवढंच म्हणाली. आमचं खरं आता कोणाला खपणार होतं?

बुधवारी सकाळी तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, ‘‘मले न्हाऊ घाल. डोक्यावरून.’’

मला आधी कळलंच नाही. डॉक्टरांनी अंग पुसायलाही मना केलं होतं, थंडीचे दिवस. मी म्हणाले, वेड लागलंय का तुला? आणि बोलता बोलता माझ्या अंगावर काटा आला. डोक्यावरून पाणी, अवेळी, पाट नाही, तेल नाही. ते मरणाच्या बातमीचं नहाण. आपलं माणूस गेल्याचं कळलं की जागच्या जागी घेतात ते. ती लेकाचं घेत होती.

मी तिचे पाय धरले. तो जिवंत आहे गं, जिवंत आहे, असं शंभरदा सांगितलं. ती ऐकून घेत होती, लहान मुलीचं ऐकावं तसं. मी पाणी आणत नाही असं पाहिल्यावर तिनं उशाचा पाण्याचा गडू उचलला. तो हात कुठून उचलला गेला देव जाणे. गडू डोक्यावर उपडा केला. केस, उशी, अंथरूण, सगळं भिजलं. ती थरथरत होती आणि मी वाळकं लुगडं शोधत रडत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी कराचीहून तार आली. ‘सुखरूप पोचलो. शनिवारी सकाळी अकोला.’ मी धावत तिच्याकडे नेली. तिनं कागदाकडे पाहिलं. इंग्रजी तिला कुठं येत होतं? म्हणाली, ‘‘तूच लिहून आणली ना?’’ तिला अंगात ताप भरला होता. गुरुवारी दुपारी, डॉक्टरांच्या बरोब्बर पंधराव्या दिवशी, ती गेली. लेक आपल्या आधी गेला असं धरून गेली. अग्नी बाबांनी दिला.

शनिवारी दादा आला. बाबा अस्थी गोळा करून नुकते परतले होते. टांग्यातून उतरताना त्यानं ओसरीतली गर्दी पाहिली आणि त्याला सांगायची गरज पडली नाही. बुटांसकट, कोटासकट तो विहिरीवर गेला आणि डोक्यावर बादली ओतून घेतली. मग तसाच निथळत आमच्यासमोर येऊन बसला. म्हणाला, ‘‘मी शनिवारीच बसत होतो. सामान बांधलेलं होतं. तुमची तार आली, मला वाटलं धोका टळला, घाई नको म्हणताय. मी माझी जागा दुसऱ्याला दिली. काहून थांबवलं मला?’’

बाबा म्हणाले, ‘‘शनिवारी पूर्वेले दिशाशूल होता.’’

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. ‘‘मग तसं लिहायचं होतं!’’ तो ओरडला. ‘‘एवढा एक शब्द लिहायचा होता बाबा! मी हसलो असतो आणि निघालो असतो! आईला पाहिलं असतं मी!’’

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांनी तो शब्द लिहून दिला होता. कागद माझ्या हातात दिला होता. एकदाच पाहिलं. मग दादाला म्हणाले, ‘‘माह्या ध्यानात नाही आलं. माहीच चूक झाली.’’

मी तिथं बसले होते. तीन हातांवर. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी उठले आणि आत जाऊन चहा टाकला.

चौदाव्या दिवशी दादा परत गेला, बोटीनं. जाताना आईच्या फोटोला नमस्कार केला, बाबांना केला नाही. बाबांनी कोणता वार आहे हे पाहिलंसुद्धा नाही. आईनं घेतलेलं ते नहाण आम्ही त्याला कधीच सांगितलं नाही. बाबांनी त्याच्या भल्यासाठी, मी माझ्या.

त्याची पत्रं पुढे माझ्या नावानं येऊ लागली, आणि इंग्रजीत. आधी तो मराठीत लिहायचा. बाबांना वाचता येऊ नये म्हणून हे, ते न कळण्याइतके बाबा भोळे नव्हते. तरी सुट्टीत मी अकोल्याला गेले की विचारत, ‘‘पत्र आलं का? वाच.’’ मी मराठी करून वाचायची. त्यात बाबांसाठी कधी एक ओळही नसे. नुसती ख्यालीखुशाली, तीही माझ्यापुरती. म्हणून शेवटी मी आपल्या पदरचं जोडायची, ‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.’ अशी तीन-चार वर्षं गेली.

एकदा असंच वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा पुसून घातला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘बाई,’’ म्हणाले, ‘‘साष्टांग नमस्काराले इंग्रजीत काय म्हणतात? तेवढं दाखव मले.’’